हरकती व सूचना

डुलुथ, मिनेसोटा. जानेवारी. उणे एकवीस.
काउंटी ऑफिसच्या तळघरात घडीच्या खुर्च्या,
कॉफीचा मोठा थर्मास, आणि कोपऱ्यात मी,
माझं छोटं यंत्र गुडघ्यांपाशी घेऊन.
बोललं जाईल ते सगळं टिपायचं, हे माझं काम.
मान हलवायची नाही.
विषय: विमानतळावरची अंगझडती.
प्रत्येकी तीन मिनिटं. मग लाल दिवा.

पहिला एल्मर कुउसिस्टो, वय एकोणऐंशी,
खुब्यात पोलादाचा सांधा.
म्हणाला, "चाळीस वर्षं मी या देशाचं लोखंड काढलं,
आता माझ्यातलं लोखंड बघून तुमचं यंत्र ओरडतं."
लोक हसले. मी टिपलं: हशा.
मग म्हणाला, पट्टा काढायला लावला.
पँट दोन्ही मुठींत धरून उभा होतो,
आणि ते म्हणाले, हात वर करा.
कुणी हसलं नाही.
त्यासाठी माझ्या यंत्रात खूण नाही.

व्हर्ना टॉफ्ट बोलली ती
दुकानात वस्तू परत करताना बोलतात तशी.
"डावीकडचं माझं नाही, सिलिकॉनचं आहे,
हे मी त्या मुलीला आधीच सांगितलं होतं.
टुसानला बहिणीकडे निघाले होते.
तिनं तरी दाबून पाहिलं.
ऑपरेशनला सात महिने झालेत.
माझ्या नवऱ्यानं अजून तिथं हात लावलेला नाही,
धीर होत नाही बिचाऱ्याला.
पहिला हात तिचा."
अध्यक्ष पाणी प्यायले.
दिवा लागायला अजून दीड मिनिट होतं,
ती तेवढा वेळ तशीच उभी राहिली.
हक्काचा वेळ होता तो.

एका तरुण बापानं चार पानं लिहून आणली होती,
एकच वाक्य वाचलं:
मुलगी सहा वर्षांची आहे, आता ती
लायब्ररीच्या दारातसुद्धा हात पसरून उभी राहते.
बाकीची पानं त्यानं खिशात घातली.

एक जण मागून ओरडला, विमान पडलं म्हणजे?
माझी हरकत तुमच्या हरकतींना आहे!
तेही टिपलं. त्याचंही नाव विचारलं.
त्याचा भाऊ वैमानिक होता, असं तो म्हणाला.
होता, असं म्हणाला.

शेवटी डेल्फीन बोल्यू. गणवेश नव्हता,
जाड कोट, आणि तो तिनं काढला नाही.
"मी झडती घेते. पहाटे चारची पाळी.
नाजूक जागी तळवा लावायचा नाही,
हाताची उलटी बाजू फिरवायची, असा नियम आहे.
आधी सगळं सांगायचं, मग स्पर्श करायचा.
एकजण माझ्यावर थुंकला, ते पुसता येतं.
एक म्हातारी मात्र थँक यू म्हणाली,
दोन वर्षांत तिला कुणी हातच लावला नव्हता.
ते कशानं पुसायचं?

परवा मुलाला ताप होता.
मी उलटा हात त्याच्या कपाळाकडे नेला,
माझी आई न्यायची तसाच,
आणि मध्येच थांबले.
म्हटलं, आता मी तुझ्या कपाळाला हात लावणार आहे.
तो म्हणाला, आई, अशी काय बोलतेस?"

लाल दिवा लागला होता केव्हाच.
अध्यक्षांनी तो बंद केला नाही, तिला थांबवलंही नाही.

आता रात्रीचे अकरा. प्रत टाइप करून झाली.
प्रत्येक नावापुढे दोन चौकोन:
बाजूने. विरोधात.
बोल्यू, डेल्फीन, हिच्यापुढचे दोन्ही रिकामे राहिलेत.
सकाळी साहेब विचारतील. विचारू देत.

यंत्र बंद केलं,
स्वतःच्या हाताची उलटी बाजू
स्वतःच्या गालाला लावून पाहिली.
गार होती.