न मोजलेलं

अल खोरला रात्री अडीच वाजता
इन्क्युबेटरच्या काचेआड
बारा जनुकं एकमेकांशी काय बोलताहेत
मला ठाऊक नाही.
दोघांनाच रंग लावलाय, एक हिरवा, एक लाल.
बाकीची दहा अंधारात.

नमुने सहा. खरं तर पाच,
चौथ्याच्या वेळी फ्रीजर बंद पडला
आणि बशीर परकारनं वहीत लिहिलं : गेला.

पाच ठिपक्यांतून मी रेघ ओढते,
रेघेतून बाण :
कोण कुणाला चेतवतं, कोण कुणाला दाबतं.
संगणक सतरा जाळी विणून देतो.
सतराही बरोबर.
सतराही त्याच पाच ठिपक्यांवरून
सभ्यपणे चालत जातात.

बशीर करक चहा घेऊन येतो, पडद्याकडे बघतो.
"आमच्या आईचं असंच होतं."

बाप दमामला, बंदरावर वेल्डर.
बाणकोटला महिन्याला एक ड्राफ्ट.
पत्र नाही. लिहिता येत नव्हतं,
दुसऱ्याकडून लिहून घ्यायची लाज.
मोजायला एवढा एकच आकडा.
एका साली मे-जूनचा निम्मा आला,
ऑगस्टचा दीडपट.
चुलते म्हणाले, तिकडे दुसरं घर केलंय.
खाला म्हणाली, आजारी असेल, मग ओव्हरटाइम मारला.
कुणी म्हणालं, कंपनीनंच पगार अडवला.
तिन्हींतून तोच आकडा निघत होता.
आईनं आजार धरला.
येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती काढ्याच्या पुड्या पाठवल्या,
बावीस वर्षं.
त्याच आकृतीत राहिली ती.

"आणि खरं काय होतं?"
"विचारलं नाही कुणी.
परत आला तेव्हा खोकत होता.
पण खोकतात सगळेच वेल्डर."

आमच्या धंद्यात यावर उपाय आहे, मी सांगते.
एकाचा गळा हलकेच आवळायचा
आणि कोण कळवळतं ते बघायचं.
बशीर कप खाली ठेवतो.
"माणसांत त्याला भांडण म्हणतात."

तीन चाळीसला आम्ही सातव्याचा गळा आवळला.
बाहेर कांदळवनात भरती चढत होती,
दिसत नव्हती; कुणी दार उघडलं
की चिखलाचा वास यायचा, तेवढाच पुरावा.

हिरवा खाली यायला हवा होता.
सोळा जाळ्यांचं तेच म्हणणं होतं,
सतराव्याचं होतं, की तो हलणार नाही.

चार वीस. हिरवा चढतोय.

बशीर वही उघडतो, वेळ टाकतो,
पेन तसंच धरून विचारतो,
"पुढं काय लिहू?"