उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव

आमच्याकडे वादी म्हणजे चपलेची, चामड्याची,
नाहीतर कोर्टात फिर्याद घेऊन उभा राहिलेला माणूस.
इथे वादी म्हणजे नदी,
वर्षातले तीनशे साठ दिवस नसलेली.

रुस्ताकच्या ऑफिसात मी तिचा हिशोब ठेवते.
उपग्रह दर अर्ध्या तासाने बघतो
ढगांचे माथे किती गार आहेत
आणि त्यावरून पाऊस सांगतो.
दहा किलोमीटरचा चौकोन, एक आकडा.
चुलीचा धूर बघून
जेवणावळीची पानं मोजावीत, तसं.

पडताळायला खाली एकच मापक,
खल्फान बिन हुमैदच्या खजुरीच्या बागेमागे.
त्याने चौदा महिने शून्य पाठवलं.
फेब्रुवारीतल्या एका रात्री आकाश म्हणत होतं, बावीस मिलिमीटर.
जमिनीवरच्याचं ऐकावं, असं शिकलोय आम्ही.
मी गुणक लावत लावत
आकाशाचा पाऊस पुसून टाकला.
मॉडेलमध्ये नदी आलीच नाही.
आलेख सरळ, ताणलेल्या वादीसारखा.

परवा बॅटरी बदलायला गेले.
नरसाळ्यात काड्या, बकरीचे केस, निळ्या दोरीचा तुकडा,
जुन्या घरट्यावर नवं घरटं
आणि होल्याची दोन अंडी.
खल्फान म्हणाला, माहीत होतं.
तुम्हीच सांगितलंत, डब्याला हात लावायचा नाही.
लावला नाही.

मग पंपाच्या खोलीमागे नेलं.
फिर्याद तिथे केव्हाची लिहून ठेवलेली :
गाळाची रेघ, माझ्या खांद्याच्या वर,
तिच्यात रुतलेल्या लेंड्या, झावळीचा दात.
“त्या रात्री पिकअप गेला,” म्हणाला,
“माझा नाही, भावाचा.”
टेप धरायला त्याने मदत केली.
एक मीटर बेचाळीस.

अंडी होती तिथेच ठेवली. शेजारी दुसरा खांब रोवायला सांगितलाय.

रात्री चौदा महिन्यांचं एकेक शून्य खोडलं
आणि तिथे भरलं
उणे नऊ हजार नऊशे नव्याण्णव.
आमच्या धंद्यात याचा अर्थ, माहीत नाही.
शून्य म्हणजे : माहीत आहे, काही नव्हतं.
दोन्ही दिसायला सारखेच कोरडे.

गुणक काढले.
आकाशाचा पाऊस होता तसा दगडांवर सोडला
आणि आलेख उठला,
एकदम, झोपेतून उठल्यासारखा.

सकाळी खल्फानला फोन केला :
पाणी नेमकं कधी आलं?
फजरच्या अजानआधी, म्हणाला,
गाढवं ओरडायला लागली तेव्हा.

माझा पूर अजाननंतर येतो.
अजून तासाभराची चूक आहे.