फोल पाखडताना

स्टीव्हनेजमध्ये कुठलाही रस्ता धरा,
गोल चक्कर येतंच.
रक्ताचंही तसंच. कुठूनही निघा,
वाटेत यकृत बसलेलं असतं
जकात नाक्यावरच्या कारकुनासारखं,
आणि आमचा निम्माअधिक माल तिथंच उतरतो.

जायचं असतं मांडीपर्यंत, पोटरीपर्यंत,
श्वासाच्या पडद्यापर्यंत.

विषाणू आधी रिकामा करतो आम्ही.
त्याचं सगळं बिऱ्हाड बाहेर काढतो,
वाढायची हाव काढतो,
ठेवतो फक्त घरात शिरायची कला.
चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.
आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
"आणि पगार देतात याचा?"

मग त्याच्या टरफलावर सात अक्षरं खोवतात. पत्ता.
असे कोट्यवधी पत्ते, बहुतेक चुकीचे,
उंदरांच्या अंगात सोडायचे
आणि स्नायूत जे सापडतील
त्यांनाच विचारायचं: कसा आलास रे?

माझं काम त्याच्याही नंतरचं.
टरफलांतली अर्धी पोकळच निघतात.
रात्रभर यंत्र गरगरतं,
सकाळी नळीत दोन पुसट निळसर रेघा,
वर फोल, खाली दाणा.
फोल पाखडणं म्हणजे फुकटचे कष्ट,
असं शाळेत शिकले होते.
मॉर्वेना म्हणते, श्वास घे, मग सुई घाल.
मी खालची रेघ ओढून घेते.

बुधवारी यादी आली.
अकरा नंबर वगळला.
वय आठ.
याच विषाणूचा रानटी भाऊबंद
कधीतरी, एखाद्या सर्दीच्या पाठीमागून,
त्याच्याकडे येऊन गेला होता
काही न बिघडवता.
घरात कुणाला कळलंही नसेल.
रक्त मात्र तो चेहरा विसरलं नाही.
आता तसल्या चेहऱ्याचं कुणीही आलं
तरी दारातच मारलं जाईल,
औषध घेऊन आलेलंसुद्धा.

एवढं लक्षात ठेवणारं अंग,
आणि एका प्रथिनाची कृती
तेवढी चुकीची पाठ.

मॉर्वेना म्हणाली, टरफल बदलून बघतील,
चार वर्षं, पाच वर्षं.
मी बोटांवर त्याचं वय मोजलं
आणि हातमोजे काढले.

चारलाच अंधार. बसथांब्यावर मी एकटी.
ही मुलं जमिनीवरून उठताना
मांड्यांवर हात टेकत टेकत
स्वतःच्याच अंगावर चढतात,
असं वाचलंय. पाहिलेलं नाही कुणाला.

बस आली. उठताना
माझा हात मांडीवर गेला.
काढला.
परत बसले,
आणि हात न लावता उठून पाहिलं.