सहा की सात

चु माल-बुन, वय एकाहत्तर.
तोंगयोंगच्या किनाऱ्यावर कालवं फोडते,
एवढं फॉर्मवर लिहिलंय. बाकी मला
ती आतूनच ठाऊक.

जठर नाही. सव्वादोन वर्षांपूर्वी काढलं.
त्या जागी आतडं वर ओढून जोडलेलं,
आणि जोडावर टाचण्यांची रांग,
पांढरी, बारीक,
कुणी घाईत घातलेल्या धावदोऱ्यासारखी.
दर सहा महिन्यांनी मी ती रांग मोजतो.
टाचण्या काही कुठे जात नाहीत,
तरी मोजतो.

चेहरा कधी पाहिला नाही.
ती तळमजल्यावर, मी चौथ्यावर,
मधे एक पडदा आणि तिचे सहाशे काप.
एकेक सरकवत मी उतरतो:
यकृत, प्लीहा, मणका, डाव्या मूत्रपिंडाशी
जुनी गाठ, पाण्याची, निरुपद्रवी.
तिला पाहून मी मान डोलावतो.

आणि मग महाधमनीच्या कडेला तो ठिपका.
मागच्या खेपेला सहा मिलिमीटर.
आज मोजला: सात.
पुन्हा मोजला: सहा पूर्णांक दोन.
माउस केसभर सरकला की
एका बाईचा उन्हाळा इकडचा तिकडे होतो.
चहा घेऊन आलो. मोजला. सात.

काप सुरू होण्याआधीच्या पहिल्या चित्रात
ती हात डोक्यावर घेऊन निजलेली असते,
शरण आल्यासारखी;
यंत्राला तसंच हवं असतं.
यंदा हात जरा खालीच राहिले, खांदा आखडला असावा,
आणि डाव्या अंगठ्यात दिसला धातूचा कण:
सुरीचं तुटलेलं टोक.
किती वर्षं तिथेच, मांसाने वेढून घेतलेलं,
कुणी काढलं नाही, तिनेही सांगितलं नसणार.

शिंपला हातात घेताच तिला कळत असेल
भरलेला की पोकळ, सुरी लावण्याआधी.
मला नाही कळत. मला आकडे लागतात,
आणि आकड्यांना तीन महिने.

‘लसिकाग्रंथी, किंचित वाढ शक्य. अनिश्चित.
तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.’
‘शक्य’ खोडलं. ‘शक्य’ परत लिहिलं.
अंगठ्याबद्दल एक ओळ घातली,
तिचा आजाराशी काही संबंध नव्हता.

सकाळपासून उपाशी होती. खाली आत्ता डबा उघडत असेल.
दिवसातून सहा वेळा, मूठमूठभर,
भात, चावून चावून.
पाचची बस आहे तोंगयोंगची.
पडद्यावर पुढचं नाव आलंय.
मी अजून तिच्या कापावरच.