तीन बाय एक

रोड नंबर सोळावर, पोखरकरांच्या दुकानात
लोहचुंबक नगावर मिळतात.
तीन मिलिमीटर व्यास, एक मिलिमीटर जाडी.
शंभर घेतले की एकमेकांना धरून बसतात,
करंगळीहून लांब, चकचकीत कांडी.
पोखरकर विचारतात, कुठल्या मशीनला लागतात?
मशीन नाही, सैन्य आहे, मी सांगतो.
ते न हसता पावती फाडतात.

सैन्य म्हणजे बावीस माणसं.
रेझिनची, राखाडी, अजून डोळे न आलेली.
उंची अंगठ्याएवढी, खांदे मात्र पैलवानाचे,
म्हणून भोक मावतं.
आधी सुईएवढं पाडायचं,
मग चिमटीतलं ड्रिल फिरवत फिरवत
तीनपर्यंत न्यायचं.
घाई केली की काख फुटते.

गोंदाचा थेंब, खांद्यात एक चुंबक,
दंडात दुसरा.
कुठली बाजू वर, एवढंच विसरायचं नाही.
मी विसरलो.
निशाणवाल्याचा हात जवळ नेला
की खांदा त्याला ढकलून द्यायचा,
आणि सोडला की गर्रकन उलटून
झेंडा बगलेत.
यातून कोणी बोध काढू नये.
गोंद सुकला होता, रात्रीचे अकरा वाजले होते,
मी शिव्या देत होतो.

"खूण का नाही केलीस?"
बाबा खाटेवरून.
मला वाटलं होतं झोपलेत.

वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं, पॉवर प्रेसवर.
उजव्या हाताची दोन बोटं
सत्त्याऐंशी सालच्या दुसऱ्या पाळीत राहिली.
त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.
भरपाईतून छताचा पंखा आला
आणि तो अजून चालतो, एवढं मला माहीत आहे.

उठले, आईची नेलपॉलिशची बाटली आणली.
कांडीच्या एका टोकाला लाल ठिपका.
"ही आता मोडायची नाही. ही मास्टर.
प्रत्येक वेळी हिला लावून बघ,
जी बाजू चिकटेल तीच बाहेर.
डोक्यावर विश्वास ठेवू नकोस,
कांडीला विचार."

मग खुर्ची ओढून बसले.
"म्हणजे याचा हात निघतो?"
निघतो.
"आणि परत बसतो?"
बसतो. हवा तर तलवारीचा, हवा तर भाल्याचा.
त्यांनी तीन बोटांत एक शिपाई धरला,
हात काढला, जवळ नेला, सोडला.
टिक.
काढला.
टिक.
"आवाज चांगला आहे," म्हणाले.
मी पुढचं भोक पाडत राहिलो.
टिक. खालच्या पानवाल्यानं शटर ओढलं तरी
टिक.

रविवारी आल्हाद कोळग्याकडे डाव होता, कोलशेतला.
तळव्यांखालीही चुंबक बसवलेत,
म्हणून बावीसही जण फराळाच्या पत्र्याच्या डब्यात
रिक्षातून उभे गेले,
घोडबंदरच्या खड्ड्यांत एकही आडवा झाला नाही.
डबा उघडला. एकवीस जण पूर्ण.
एकाचा उजवा हात नाही.
त्याला तसाच लढवला. तिसऱ्या फेरीत मेला.

घरी आलो तर हात
बाबांच्या लोखंडी खाटेला, उशाशी चिकटलेला.
"रंग राहिला होता त्याचा," म्हणाले.
तलवार त्यांनी तशीच ठेवलीय, राखाडी.
मुठीवर फक्त टाचणीच्या टोकानं
नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, बोटागणिक एक.
चष्मा लावून मोजले. चारच दिसतात.
दोन ठिपके ओघळून एक झालेत.

आल्हाद म्हणतो, ॲसिटोननं निघेल.
निघेल.
हात मी खांद्याजवळ नेला,
त्यानं स्वतःच उडी मारली.