बिटाचं पाणी

या जहाजावर मी स्वयंपाकी. मला समुद्रातलं काय कळतं?
मिठातलं तेवढं कळतं.
बटाटे उकळताना वाफेवरून सांगतो
चिमूट कमी आहे की जास्त.
पण ज्याच्यावर तरंगत तेवीस वर्षं रांधलं
ते पाणी खाली जाऊन काय करतं
हे कधी कुणाला विचारलं नाही.

फेरो बेटांच्या नैऋत्येला आज सकाळपासून उभे आहोत.
खाली साडेआठशे मीटरवर एक चिंचोळी दरी,
तिच्या तळाशी गेल्या जूनमध्ये सोडलेलं
पिवळं यंत्र.
रानवा त्याला हाक मारते आहे,
त्यालाच कळेल अशा टिकटिक आवाजात:
नांगर सोड. वर ये.
यंत्र ओ देत नाही.
हाईनी विंचपाशी. ओठांत सिगारेट,
तासभर न पेटवलेली.

दुपारी रानवा भटारखान्यात आली, नाकाचा शेंडा लाल.
"यंत्र रुसलंय," म्हणाली, "तोवर तुझं काचेचं भांडं दे."
ज्यात मी रुबार्बचा केक भाजतो, ते.
त्यात कोमट पाणी.
मग बर्फात गार केलेलं मिठाचं पाणी, बिटाच्या रसानं रंगवलेलं,
तिनं कडेनं सोडलं, हळूच, आजाऱ्याला औषध पाजावं तसं.

लाल पाणी थांबलं नाही, विरलं नाही.
कड धरून उतरलं
आणि तळावरून सरपटत पलीकडे गेलं.

"उत्तरेत असंच," ती म्हणाली.
"वारा पाण्याची ऊब काढून नेतो.
वर बर्फ धरतं, पण बर्फ मीठ ठेवून घेत नाही."
म्हणजे बर्फ मिठाला जागत नाही, मी म्हटलं.
"नाही जागत. उरलेल्या पाण्याच्या माथी मारतं सगळं.
मग ते जड होतं. बुडतं.
आत्ता आपल्या खालून जातंय ना,
जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी
इतकं पाणी भरणार नाही.
आणि वर बघ, लाटेला पत्ता नाही."

थोरला भाऊ कोपनहेगनला गेला, धाकटा ओस्लोला.
वाटणीत माझ्याकडे आईचं अंथरूण आलं.
जड पाणी म्हणजे काय
ते मला बिटानं शिकवायला नको होतं.

भांड्यात आता तळाशी लाल, वर पांढरं,
मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ.
हलेना काहीच.
"संपलं की," मी म्हणालो.
रानवा हसली. पहिल्यांदाच, आज.
"तेच तर. नुसतं बुडून भागत नाही.
खड्डा भरला की बुडणंही थांबतं.
खालचं कुणीतरी उचलावं लागतं, थोडं थोडं,
तेव्हा वरच्याला खाली जागा होते."
कोण उचलतं?
"चंद्र. वारा.
भरती-ओहोटी तळाच्या डोंगरांवर आपटते, पाणी घुसळतं.
हजार वर्षं लागतात कधीकधी.
पण उचलतात."

तेवढ्यात जहाज डाव्या अंगावर कललं.
कपाटात कप किणकिणले
आणि रेघ विस्कटली:
लाल थोडं वर, पांढरं थोडं खाली.
आम्ही दोघं बघत राहिलो, कुणी भांडं धरलं नाही.

त्या हिवाळ्यात हाईनी रोज रात्री यायचा.
बोलायचा नाही.
आमच्या दाराच्या खिळ्याला वाळका मासा टांगायचा,
आईच्या खोलीकडे एकदा बघायचा, जायचा.
याला काही म्हणतात, असं मला कधी वाटलं नव्हतं.

यंत्र अंधार पडला तरी आलं नाही.
उद्या पुन्हा हाक मारणार.
बिटाचं पाणी मी समुद्रात ओतलं.

जेवताना हाईनीनं चमचा खाली ठेवला.
"सूप खारट झालंय."
ढवळ, मी म्हटलं. तळाशी बसलं असेल.