बावीस मिनिटं

दर मंगळवारी सव्वादहाला
चर्चच्या शाळेच्या कुंपणाला चिकटून मी व्हॅन उभी करते.
आत दोन खुर्च्या, एक आरसा, पायाशी हीटर,
दारावर आमच्या जिल्ह्याचं बोधचिन्ह, अर्धं सोललेलं.
एरी सरोवरावरून वारा सुटला की
सगळी व्हॅन डुलते,
आणि बेनेडेक टोथ, वय आठ, म्हणतो,
"ज-ज-जहाज."

पगार माझा सरकारी. शाळा त्याची खाजगी.
या दोन वाक्यांच्या मधे जी फट आहे
तिच्यात मी अकरा वर्षं गाडी लावते आहे.

त्याच्या आईनं पहिल्याच बैठकीत विचारलं होतं,
कोट न काढता, कामावरून तशीच आलेली,
नखांत अजून बेकरीचं पीठ:
"समोरच्या शाळेत घातला असता, तर किती?"
समोरची म्हणजे खरोखर समोरची.
मधे एक रस्ता, एक मेपल, एक पिवळी बस.
मी म्हटलं, आठवड्याला दोन तास. कदाचित जास्त.
"आणि इथे?"
तीस मिनिटं.
"कर तर मी तोच भरते."
हो.
"तोंडही तेच आहे त्याचं."
हो, इलोना.

तिथे त्याचा हक्क असता. इथे वाटा आहे.
हे मी शक्य तितकं हळू सांगितलं.
हळू बोलल्यानं सगळीच वाक्यं सुधारत नाहीत,
माझ्या धंद्यात मला तरी ते ठाऊक हवं होतं.
परत तिकडे पाठवायचं तिच्या मनात नव्हतं.
पहिलीत तिकडे पोरांनी त्याचं नाव पाडलेलं, 'बफरिंग'.
इथे वर्गात अकरा जण,
आणि त्याचं वाक्य संपेस्तोवर सिस्टर ऑडिला
खडू हवेत धरून थांबते.

वाटा कसा निघतो ते मला प्रॉक्टरनं समजावलं होतं,
जिल्हा कार्यालयात, सँडविच खाता खाता.
आलेली रक्कम, भागिले सगळी मुलं,
गुणिले कुंपणाआडची.
तो वाईट माणूस नाही.
हिशेब बरोबर होता. तीच तर पंचाईत.

जानेवारीत आणखी दोन मुलं सापडली.
'सापडली' हा आमचा शब्द.
कायदा म्हणतो, शोधा,
या शाळेतली, त्या शाळेतली, सगळी शोधा.
शोधणं बंधनकारक. पुरेसं देणं तसं नाही.
पातेलं तेवढंच, पानं वाढली.
तीसची बावीस मिनिटं झाली.

बेनेडेकला मीच सांगायचं ठरवलं.
आठ मिनिटं म्हणजे एक खेळ कमी,
आरशातले ओठांचे व्यायाम घरी.
यात कुणाचा दोष नाही,
असंही काहीतरी मी बोलले असेन.
तो हीटरवर बूट वाळवत होता.
"द-द-दोन?"
दोन.
"क-कोण?"
नावं मला सांगता येत नाहीत. नियम आहे.

त्यानं श्वास घेतला, शिकवलेला, पोटातून,
आणि पहिलं अक्षर सैल सोडलं, बर्फावरून घसरावं तसं.
"एएएक ती, आगीची घंटा झाली की जिन्याखाली बसते. कान असे धरून.
मी ब-बसतो तिच्याजवळ. तिथे बोलायला ल-लागत नाही.
आणि तिसरीतला नवीन. फळ्यावरचं वाचायला सांगितलं की
त्याला शू लागते. द-दर वेळी."

दोन्ही बरोबर.
आमच्या पथकाला त्याला पाच चाचण्या लागल्या होत्या,
नऊ सह्या,
आणि सप्टेंबर ते जानेवारी.

घड्याळात एकोणीस.
त्याला अजून सांगायचं होतं,
जिन्याखालच्या मुलीचा आवडता रंग कोणता ते.
मी हीटर थोडा त्याच्याकडे वळवला.
"ज-ज-" तो म्हणाला.
कुंपणापलीकडे तास संपल्याची घंटा झाली.
मी थांबले.